ओल्या फडक्याला लागणारा लाल रंग: रंग कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: खेळण्यांसाठी घेतलेला लाल रंग सुकून घट्ट न होणे व ओल्या फडक्याला लागणे

महोदय,
सा. न. वि. वि.

सावंतवाडीत आमच्या घरी लाकडी खेळणी तयार होतात. लेथवर कातायचं काम नवरा करतो, रंगकाम माझ्याकडे असतं. आपला पाण्यात कालवायचा रंग मी गेली काही वर्षं वापरते आहे. डब्यावर ‘लहान मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षित’ असं छापलेलं आहे आणि आजवर त्या रंगाबद्दल माझी तक्रार नव्हती. या पावसाळ्यात कुडाळच्या विक्रेत्याकडून आणलेल्या लाल रंगाने मात्र गणपतीसाठी केलेला माल वाया गेला. मदत क्रमांकावर फोन केला तेव्हा ‘कोकणात हवा दमट असते, पावसाळ्यात असं होणारच’ एवढंच ऐकायला मिळालं. हे उत्तर मला मान्य नाही.

बिघडलेला माल म्हणजे बैलगाडीची चाकं, आखाच्या टोकाला बसवायची बोंडं, भातुकलीतल्या डब्यांची झाकणं आणि खुळखुळ्याच्या कड्या. हे सगळे भाग बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून लहान. असा भाग हातात धरून रंगवता येत नाही. प्रत्येक भाग बांबूच्या काडीवर खोचायचा, काड्या भोकं पाडलेल्या फळीत उभ्या करायच्या, पॉलिश पेपरने घासून भुकटी पुसायची, मग अस्तर, पुन्हा हलका पेपर, आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात. जिथे गोंद बसणार ती खुंटी आणि चाकाचं भोक कोरं ठेवावं लागतं. रंगावर गोंद नीट धरत नाही, आणि भोकात रंग साचला तर चाक आखावर फिरत नाही. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं आणि रंग पितं, म्हणून अस्तरात कसूर चालत नाही. एवढं करून झालेले भाग मी टोपलीत ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना चिकटलेले होते. सोडवताना रंगाचे पापुद्रे निघाले आणि खाली लाकूड दिसायला लागलं.

दमट हवेत रंग उशिरा सुकतो हे मला माहीत आहे. इथे पावसात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. पाण्यावरच्या रंगातलं पाणी उडून गेल्यावरच त्यातले कण एकमेकांना धरतात, आणि पाणी उडायला वेळ लागला की पुढचंही लांबतं. म्हणूनच पावसाळ्यात मी भाग उघड्यावर वाळवत नाही. बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत ठेवते आणि डब्यावर लिहिलेल्या दोन तासांऐवजी रात्रभर थांबून दुसरा हात देते. माझ्याकडे याच लाल रंगाचा आधीच्या खरेदीतला अर्धा डबा शिल्लक होता. एकाच लाकडाच्या, एकच अस्तर दिलेल्या कड्यांपैकी निम्म्यांना जुना रंग दिला, निम्म्यांना नवा, आणि सगळ्या एकाच पेटीत ठेवल्या. जुन्या रंगाच्या कड्या कडक झाल्या. नव्या रंगाच्या कड्यांवर अजून नखाचा व्रण उठतो, आणि पांढरं ओलं फडकं घासलं की ते लाल होतं. हवा दोन्हींना सारखीच होती, तेव्हा फरक डब्यातल्या रंगातच आहे. नवा रंग ढवळतानाही जास्त दाट लागतो. आपण मिश्रण बदललं असेल तर ते गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं.

खुळखुळ्याची कडी तान्हं बाळ दिवसभर तोंडात चोखतं. लाळेने सुटणारा रंग मी त्या कडीला कसा लावू? गणपतीला मुंबईहून आलेली माणसं आमच्या आळीत येऊन हीच खेळणी नातवंडांसाठी नेतात. त्यांना मी आजवर ‘रंग जात नाही, निर्धास्त द्या’ असं सांगत आले. यंदा लाल कड्यांचा एकही खुळखुळा मी विक्रीला ठेवला नाही.

दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. घरगुती व सजावटीच्या रंगातलं शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये आणि डब्यावर तसं लिहावं, असा नियम २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. जुन्या डब्यावर ही ओळ होती. नव्या डब्यावर ती नाही आणि उत्पादनाचा महिनाही पुसट आहे. शिसं जास्त आहे असा आरोप मी करत नाही, कारण ते तपासायचं साधन माझ्याकडे नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या माझ्यासारख्या कारागिरांना खेळण्यांवरच्या बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे. म्हणजे माझा माल बाजारात जाण्याआधी प्रयोगशाळेत जात नाही, आणि डब्यावर आपण जे छापता त्याच्याच भरवशावर मी तो मुलांच्या हाती देते.

माझ्या मागण्या अशा आहेत. मिश्रण बदललं आहे की नाही हे लेखी कळवावं. या बॅचचा, खेळण्यांच्या आयएस ९८७३ या भारतीय मानकाच्या भाग ३ प्रमाणे (रंगातून शिशासारखी घातक द्रव्यं किती सुटतात ते पाहणारा भाग) केलेला तपासणी अहवाल मला द्यावा. डब्यांची पूर्ण रक्कम आणि वाया गेलेल्या भागांच्या लाकडाची व मजुरीची भरपाई मिळावी. विक्रेत्यांकडे उरलेले या बॅचचे डबे अहवाल येईपर्यंत विकू नयेत. आमच्या आळीत आणखीही घरं याच रंगावर काम करतात, त्यामुळे बदली डबा देऊन प्रकरण मिटवू नये.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारी व्यक्तीही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकच ठरते. मदत क्रमांकावर मला ‘तुम्ही धंद्यासाठी घेता’ असंही ऐकवलं गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

सोबत बिलाची प्रत, दोन्ही डब्यांच्या लेबलांचे फोटो, जुन्या आणि नव्या रंगाच्या प्रत्येकी दोन कड्या व लाल झालेलं फडकं पाठवत आहे. उघडलेले डबे मी झाकण बंद करून जपून ठेवले आहेत. आपला माणूस आला तर त्याच्यासमोर फडक्याची चाचणी पुन्हा करून दाखवीन.

आपली ग्राहक,
लाकडी खेळण्यांची कारागीर
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग