बीटल्सच्या गाण्यांतला उतरता धैवत

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. बीटल्सच्या गाण्यांत त्याच त्या कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) फिरून येतात हा तुझा संशय बरोबर आहे, पण तू पुरावा भलताच धरलायस. 'लेट इट बी'चं सी, जी, ए मायनर, एफ सोडून दे. त्या चार कॉर्डवर निम्मं पॉप उभं आहे. खरी गंमत धैवतात, म्हणजे सरगमीतल्या 'ध'मध्ये आहे.

'इन माय लाइफ' (१९६५) काढ. पट्टी ए, म्हणजे पांढरी ६. ओळ अशी: ए, ई, एफ शार्प मायनर, ए सेव्हन, डी, डी मायनर, ए. शेवटच्या तीन कॉर्डना गिटारच्या फक्त पहिल्या, सगळ्यात बारीक तारेकडे बघ. डीला दुसरा फ्रेट (दांडीवरचं घर), डी मायनरला पहिला, एला मोकळी तार. शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. पेटीवर काळी ३, पांढरी ४, पांढरी ३. वाजवताना अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उचलू नकोस, तर्जनी आणि मधलं बोट एवढीच जागा बदलतात. सगळा हात उचललास की नेमका तो कोमल धैवत तुटतो, आणि गाण्याची हुरहूर तर त्यातच आहे!

त्याच वर्षीचं 'नोव्हेअर मॅन' ई पट्टीतलं. कडव्याच्या शेवटी एफ शार्प मायनर, ए मायनर, ई. नावं वेगळी, पण आता दुसरी तार बघ: दुसरा फ्रेट, पहिला, मोकळी. तीच उतरण. 'शी लव्ह्ज यू'मध्ये (१९६३) सी मायनर येतो तो थेट जीवर, म्हणजे सावर, न जाता डी सेव्हनवर जातो, तरी कोमल धैवत पंचमावरच टेकतो.

आता बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, ऐक. 'लूसी इन द स्काय' मेजरमध्ये सुरू होतं, 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' मायनरमध्ये. एक लेननचं, एक हॅरिसनचं. तरी कडव्याखाली दोन्हीकडे ए, जी, एफ शार्प, एफ: सा, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत. 'डिअर प्रूडन्स'मध्ये हेच डीपासून: डी, सी, बी, बी फ्लॅट. त्यासाठी सहावी तार ईवरून डीवर उतरव आणि ती घुमत राहू दे. वरची उतरण पाचव्या तारेवर, तिसरा, दुसरा, पहिला फ्रेट. सहावी दाबून धरलीस तर षड्जाचा आधारच जातो.

तुझी तुलना फसते ती कॉर्डच्या चिठ्ठ्यांमुळे, म्हणजे गाण्याच्या कॉर्ड लिहिलेल्या कागदांमुळे. एक तर त्यांत बऱ्याचदा बेसचा सूर गाळलेला असतो, म्हणजे 'ए मायनर' दोनदा लिहितात आणि खालचा जी गायब. दुसरं म्हणजे कापो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून वाजवायचं असेल तर बोटांचा आकार लिहिलेला असतो, ऐकू येणारी पट्टी नव्हे. सातव्या फ्रेटवर कापो असेल तर तिथला 'डी' खरा ए असतो. म्हणून आधी सा ठरव, कॉर्ड सरगमीत उतरव, मग गाणी शेजारी ठेव.

'समथिंग' मात्र या यादीत घालू नकोस. सी, सी मेजर सेव्हन, सी सेव्हन, एफ ही उतरण जवळची आहे खरी, पण ती शुद्ध निषादावरून जाते आणि शुद्ध धैवतावरच थांबते.

तुझा,
अनिरुद्ध