आरए फॅक्टरचा रिपोर्ट आणि सुजलेली बोटं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांत, उत्सव मंडळांच्या मंडपांत आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या बागांबाहेर आरोग्य तपासणीची टेबलं लागतात. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या रांगेत तिथे बऱ्याचदा ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ही असतं. म्हणजे आरए फॅक्टर (संधिवाताशी जोडलं जाणारं रक्तातलं एक प्रतिपिंड), एएसओ (घशातल्या जंतुसंसर्गाची खूण), सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण) आणि युरिक अ‍ॅसिड यांचं एकत्र पॅकेज. पॅथॉलॉजीत काम करणारे म्हणून आमचं स्पष्ट मत आहे, की ज्याचा एकही सांधा सुजलेला नाही त्याची ही तपासणी करूच नये. आणि ज्याचे सांधे खरोखर सुजले आहेत, त्याला ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे, काळजी नको’ असं सांगून घरी पाठवू नये. सध्या या दोन्ही चुका सर्रास होतात आणि दुसरी जास्त महागात पडते.

आधी आरए फॅक्टरचं गणित पाहू. प्रतिपिंडं म्हणजे शरीर जंतूंशी लढायला बनवतं ती प्रथिनं; आपल्याच प्रतिपिंडांवर चाल करून जाणारं हे एक प्रतिपिंड. नॉर्वेतल्या एरिक वालर यांनी १९४० साली त्याची पहिली नोंद केली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटून होणारा संधिवात; त्याच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत ते सापडतं. पण हा आजार मुळीच नसलेल्या जवळपास ५ टक्के लोकांतही ते सापडतं आणि साठीनंतर हे प्रमाण आणखी वाढतं. आता एका मोठ्या गृहसंकुलातल्या हजार जणांचं रक्त सरसकट तपासलं असं धरा. आजार असलेले पाच ते सात जण असतील, त्यातले चार-पाच पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या निरोगी लोकांतून पन्नासेक जण पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी नऊ जणांना हा आजारच नाही! तरीही ते सगळे ‘मला संधिवात निघाला’ म्हणत दवाखाने पालथे घालतात, आंबट सोडतात, नको ती औषधं सुरू करतात. क्षयरोग, हिपॅटायटिस सी, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, तसंच शोग्रेन, ल्युपस या प्रतिकारशक्ती उलटल्यानं होणाऱ्या इतर आजारांतही हा फॅक्टर वाढतो. त्यामुळे नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला अर्थ नाही.

तपासणी कोणत्या पद्धतीनं केली यानंही फरक पडतो. लहान लॅबमध्ये आजही काचपट्टीवर लॅटेक्सची चाचणी होते: सीरमचा (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवाचा) एक थेंब, लॅटेक्सच्या बारीक कणांच्या द्रावणाचा एक थेंब, काचपट्टी हलवत राहायची आणि बरोबर दोन मिनिटांनी दाणे दिसतात का ते बघायचं. उशीर झाला, वर पंखा सुरू असला, तर थेंबाच्या कडा सुकून खोटे दाणे दिसतात. उलट फॅक्टर फारच जास्त असेल तर दाणे धरतच नाहीत आणि सीरम पातळ करून पुन्हा लावलं नाही तर रिपोर्ट चक्क निगेटिव्ह जातो. म्हणून आकड्यात रिपोर्ट देणारी तपासणी मागावी. रिपोर्टवर आकडा, एकक, त्या लॅबची वरची मर्यादा आणि पद्धत या चारही गोष्टी छापलेल्या हव्यात. मर्यादा १४ असेल तर १८ हा आकडा किंचित वाढलेला आणि ४२ च्या वरचा आकडा ठळक वाढलेला. दोन्हींसमोर ‘पॉझिटिव्ह’ असंच लिहिलेलं असलं तरी निदानाच्या दृष्टीनं त्यांत मोठं अंतर आहे.

अँटी-सीसीपी ही दुसऱ्या एका प्रतिपिंडाची तपासणी जास्त भरवशाची. सापडण्याचं प्रमाण आरए फॅक्टरइतकंच, साधारण दोन तृतीयांश रुग्णांत. पण आजार नसताना ती क्वचितच पॉझिटिव्ह येते. तिची विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांत निगेटिव्ह येण्याचं प्रमाण, ९५ टक्क्यांच्या आसपास धरली जाते. काही प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं आणि शरीर त्यालाच परकं समजू लागतं, त्या घडामोडीची ही खूण. धूम्रपान आणि हिरड्यांचा जुना आजार यांच्याशी तिचं नातं आहे, आणि सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीही ती रक्तात असू शकते. आकडा ठळक वाढलेला असेल तर हाडं झिजण्याचा धोका अधिक असतो, म्हणून उपचार किती जोरात करायचे हे ठरवतानाही तिचा उपयोग होतो. मात्र आपल्याकडे क्षयरोग घरोघरी भेटतो आणि क्षयाच्या काही रुग्णांतही अँटी-सीसीपी वाढलेली दिसते. खोकला, सायंकाळचा ताप, घटतं वजन असेल तर आधी छातीचा एक्स-रे काढावा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या जादा ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त देताना ते सांगावं. काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा चुकतो.

ईएसआर (उभ्या नळीत रक्तपेशी किती वेगानं खाली बसतात त्याचं माप) आणि सीआरपी या दोन्ही तपासण्या शरीरात दाह आहे एवढंच सांगतात; तो कुठे आणि कशामुळे आहे हे सांगत नाहीत. ईएसआरची नळी भरताना चार भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) हे प्रमाण लागतं. नळी अर्धवट भरली तर प्रमाण बिघडलं. तपासणी चार तासांच्या आत लागायला हवी. घोडबंदर रोडच्या टोकाला सकाळी सातला घेतलेलं रक्त आणखी दहा घरं करून, वाहतुकीतून वाट काढत दुपारी लॅबला पोहोचलं, तर ईएसआर खरा असेल त्यापेक्षा कमी येऊ शकतो. नळी स्टँडमध्ये जराशी तिरकी राहिली तर पेशी खालच्या बाजूनं घसरतात आणि आकडा वाढतो. रक्त कमी असलेल्या बाईचा ईएसआर सांध्यांत काहीही नसताना वाढलेला असतो, गरोदरपणातही असतो. वयानुसारही मर्यादा बदलते: ठोकळ हिशेबानं पुरुषात वयाच्या निम्मी, बाईत वय अधिक दहा, त्याच्या निम्मी. म्हणजे साठीच्या बाईत ३५ पर्यंतच्या ईएसआरनं घाबरायचं कारण नाही.

सीआरपी यापेक्षा चपळ. दाह सुरू झाल्यावर काही तासांत वाढते, शमला की लवकर उतरते. तिच्यात गोंधळ होतो तो एककाचा. एका लॅबचा १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि दुसऱ्या लॅबचा १२ मिलिग्रॅम प्रति लिटर हा एकच आकडा आहे. ‘आजार दसपट वाढला’ म्हणून घाबरून येणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. हृदयासाठी केली जाणारी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी इथे लागत नाही. आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या चारही तपासण्यांना उपाशीपोटी यायची गरज नाही.

पॅकेजमधल्या एएसओबद्दल मात्र कळकळीनं लिहावंसं वाटतं. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होऊन गेला, एवढंच एएसओ सांगते. तिचा संबंध ऱ्हुमॅटिक फीवरशी, म्हणजे या संसर्गानंतर सांधे आणि हृदयाला त्रास देणाऱ्या तापाशी, जो प्रामुख्यानं ५ ते १५ वर्षांच्या मुलांत होतो. पन्नाशीच्या बाईचे गुडघे दुखतात, एएसओ ४०० आली, म्हणून तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू करणं याला काही आधार नाही. ते दुखणारं इंजेक्शन आहे, त्याची घातक अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि तिच्या गुडघ्यांना त्याचा काडीचा फायदा नाही. प्रौढांच्या सांधेदुखीच्या पॅकेजमधून एएसओ काढूनच टाकायला हवी. युरिक अ‍ॅसिडचंही तसंच: आकडा वाढला म्हणजे गाउट (सांध्यांत युरिक आम्लाचे खडे साचून होणारा संधिवात) झाला असं होत नाही, आणि पाळी सुरू असलेल्या स्त्रीत गाउट अगदीच विरळा.

मग निदान होतं कसं? अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली मिळून एक गुणपद्धत ठरवली. ती मुळात संशोधनासाठी असली तरी विचार कसा करायचा हे तिच्यातून नेमकं कळतं. किमान एका सांध्याला तपासून कळणारी सूज हवी आणि त्या सूजेचं दुसरं कारण सापडलेलं नसावं. त्याशिवाय गुण मोजायला सुरुवातच करायची नाही. मग एकूण १० गुणांपैकी सर्वाधिक ५ गुण सांध्यांना. एक ते तीन लहान सांधे असतील तर २, चार ते दहा असतील तर ३, लहान धरून दहाहून अधिक असतील तर ५. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी किंचित वाढलेली असेल तर २, मर्यादेच्या तिपटीहून अधिक असेल तर ३. काचपट्टीवरचं नुसतं ‘पॉझिटिव्ह’ किंचित वाढीतच धरायचं. ईएसआर किंवा सीआरपी वाढलेली असेल तर १, त्रास सहा आठवडे किंवा अधिक असेल तर १. सहा गुण झाले की आजार धरायचा.

आता रक्तात ही दोन्ही प्रतिपिंडं न निघालेला रुग्ण घ्या. दहाहून अधिक सांधे सुजलेले, सीआरपी वाढलेली, त्रास दोन महिन्यांचा: पाच, एक, एक मिळून सात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असूनही आजार आहेच. साधारण चार-पाच रुग्णांमागे एक असा असतो. त्याला मधले सहा महिने वेदनाशामक गोळ्यांवर काढायला लावले, तर नेमका उपचाराला उत्तम प्रतिसाद मिळण्याचा काळ वाया जातो. पहिल्या तीन महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखं आजारालाच आवर घालणारं मूळ औषध सुरू व्हावं असा तज्ज्ञांचा आग्रह असतो, कारण एकदा झिजलेलं हाड भरून येत नाही.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे तो चिकुनगुनिया या डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूच्या तापाचा. पावसाळ्यात ताप येऊन जातो आणि मनगटं, बोटं, घोटे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात. दिसायला हुबेहूब ऱ्हुमॅटॉइड. विषाणूच्या तापानंतर आरए फॅक्टर काही काळ वाढूही शकतो. अँटी-सीसीपी सहसा वाढत नाही. म्हणून सांधे दाखवायला जाताना आधी ताप, पुरळ येऊन गेलं होतं का, घरात-शेजारी कुणाला तसं झालं होतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या असतील तर त्याही सांगाव्यात. त्यांनी सूज आणि सीआरपी दोन्ही दबतात आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी निदानापुरत्या. दर तीन महिन्यांनी त्या पुन्हा करण्यात पैसे वाया जातात. आकडा उतरला-चढला यावरून आजाराची चाल कळत नाही. त्यासाठी सांध्यांची तपासणी आणि ईएसआर-सीआरपी पुरे. मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या मात्र हव्याच, आणि नंतरही ठरावीक अंतरानं हिमोग्राम, एसजीपीटी, क्रिएटिनिन करत राहायला हवं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना आणि सोसायट्यांना आमची विनंती आहे, की आर्थ्रायटिस प्रोफाइल फलकावरून काढा आणि त्या जागी एक डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स बसवा. तीन प्रश्न विचारायचे: सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात का? पूर्ण मूठ वळते का? सूज सहा आठवडे टिकली आहे का? मग हात मिळवताना दाबतो तसे चार बोटांच्या मुळाचे सांधे आडवे हलकेच दाबायचे. रुग्ण कळवळला, सांधे मऊ फुगलेले लागले, तर त्याच दिवशी चिठ्ठी द्यायची: संधिवाततज्ज्ञांकडे, किंवा ते परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणी मेडिसिनच्या ओपीडीत. बोटांच्या शेवटच्या पेरांवर, नखाजवळ टणक गाठी असतील तर ती बहुधा वयोमानाची झीज. तिला आरए फॅक्टरची गरज नाही. रक्त कोणतं तपासायचं हे चिठ्ठी वाचणारा डॉक्टर ठरवेल.

आपले,
पॅथॉलॉजी क्षेत्रातले काही डॉक्टर व तंत्रज्ञ,
ठाणे आणि नवी मुंबई