गिझर बंद पडायची वाट बघू नका

संपादक महोदय,
मेलबर्नमधल्या आपल्या मराठी लोकांसाठी मुद्दाम लिहितोय. इथे बऱ्याच घरांत अजून जुना गॅसवाला गिझर आहे आणि तो नेमका थंडीत बंद पडतो, मग घरात लहान मुलं, भारतातून आलेले आईवडील, गरम पाणी नाही, त्या घाईत प्लंबर दुसऱ्या दिवशी जे बसवून देईल ते आपण घेतो आणि सरकारी रिबेट हातचा जातो. व्हिक्टोरिया सरकार हीट पंप किंवा सोलर गिझरसाठी १,००० डॉलरपर्यंत (ऑस्ट्रेलियात बनलेल्या ठरावीक मॉडेलना १,४०० पर्यंत) सवलत देतं, पण मंजुरी बसवण्याआधीच घ्यावी लागते, जुना गिझर किमान ३ वर्षांचा लागतो, उत्पन्नाचीही अट आहे. म्हणजे चालू आहे तेव्हाच अर्ज करा ना! हीट पंप हवेतली उष्णता वापरतो, त्यामुळे साध्या इलेक्ट्रिक गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम होतं. आवाज थोडा होतो, शेजाऱ्यांच्या बेडरूमला लागून बसवू नका. आणि फुकट बसवून देतो म्हणत दारावर कोणी आलं तर सरळ नाही म्हणा, ऑगस्ट २०२४ पासून सरकारच्या ऊर्जाबचत योजनेखाली दारोदार विक्रीला बंदी आहे.
— एक वाचक, मेलबर्न