कुठलं कॅड टाकू विचारलंस ना

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. थ्रीडी प्रिंटर घेतलास हे ऐकून इतका आनंद झाला की बायकोलापण ऐकवला. त्यासाठी कुठलं कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूचं मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर, टाकू याचं व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उत्तर देता आलं असतं पण हा विषय माझ्या फार जवळचा, म्हणून जेवण झाल्यावर निवांत लिहायला बसलोय.

सगळ्यात आधी, ऑफिसातला तो पोरगा पेनड्राइव्हवर ऑटोकॅडचं क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, देतो म्हणतोय ना, ते घेऊ नकोस. आपण शिकलो ते तसल्याच सीडीवर, मान्य आहे, तेव्हा दुसरा रस्ता माहीतच नव्हता. पण ज्या लॅपटॉपवर तू नेटबँकिंग करतोस आणि चिमीचे ऑनलाइन क्लास चालतात, त्याच्यावर अँटीव्हायरस बंद करून कुणाची तरी फाइल चालवायची आणि ती पण कशासाठी, तर घरात बसून हूक आणि नॉब बनवायला? अजिबात गरज नाही रे. उजळ माथ्याने वापरता येतील अशी चांगली सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आता.

तू ब्लेंडरचं विचारलंस. ब्लेंडर जबरदस्त आहे, मूर्ती घडवायची, ॲनिमेशन करायचं तर तेच घे. पण तुला हवंय ते वेगळं. तुला पडद्याचा ब्रॅकेट करायचाय, उद्या कळणार की भोक ४ मिमीचं नको ५ चं हवं, तेव्हा तो एक आकडा बदलला की बाकीचा पार्ट आपोआप जुळला पाहिजे. याला पॅरामेट्रिक म्हणतात आणि घरच्या कामात खरी किंमत याचीच आहे. फ्लॅटचा नुसता नकाशा काढायचा असता तर लिब्रेकॅड पुरलं असतं, ते टूडीच आहे, हलकं आहे.

आता यूट्यूबवर तुला सगळे फ्यूजन सांगतील. चांगलं आहे, शिकायला सोपं, टूलपाथ, म्हणजे कटिंग मशीनने कुठून कसं कापायचं ते मार्गपण निघतात. पण पर्सनल लायसन्समध्ये एका वेळी एडिट करता येतील अशी १० च डॉक्युमेंटं, आणि कमाईवर वर्षाला १००० डॉलरची मर्यादा. २०२० मध्ये फ्यूजनवाल्या ऑटोडेस्क कंपनीने या फुकटच्या लायसन्सच्या सवलती कमी केल्या, स्टेप फाइल (दुसऱ्या कॅडमध्ये उघडता येते ती) एक्सपोर्टपण काढणार होते, लोकांनी ओरड केली म्हणून ती राहिली. कंपनी आहे, तिचा हक्क आहे, पण उद्या काय ठरेल ते आपल्या हातात नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, काही टाकायलाच लागत नाही, जुन्या लॅपटॉपला बरं, फक्त फुकटच्या प्लॅनमध्ये तुझी प्रत्येक डिझाइन जगाला उघडी असते आणि धंद्यासाठी वापरायची नाही.

मी पण आधी सगळं क्लाऊडवरच ठेवायचो. मग एका जुलैत पावसाने आमच्या गल्लीतली केबल तुटली, तीन दिवस नेट नाही, शेजारच्या काकांच्या वॉकरचा पाय करून द्यायचा होता आणि माझंच ड्रॉइंग मला उघडता येईना. तेव्हापासून ठरवलं, फाइल आपल्या डिस्कवर पाहिजे.

म्हणून मी सांगीन फ्रीकॅड. २००२ पासून लोक मिळून बनवतायत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, लॉगिन नाही, मुदत नाही, उद्या चार पार्ट विकलेस तरी कुणी विचारणार नाही. लोक त्याला नावं ठेवायचे ते एका कारणासाठी. पार्टच्या प्रत्येक फेसला, म्हणजे पृष्ठभागाला, आतून नंबर असतो, तू मागे जाऊन पहिल्या स्केचमध्ये काही बदललंस की नंबर सरकायचे, रांगेतला मधला माणूस निघून गेला की मागच्यांचे नंबर बदलतात ना तसं, आणि वरच्या फेसवर पाडलेलं भोक भलतीकडेच जायचं नाहीतर सगळा पार्ट लाल एरर दाखवायचा. रिअलथंडर या नावाने काम करणाऱ्या डेव्हलपरने यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आलं त्यात हा त्रास बराच कमी झाला, असेंब्ली, म्हणजे वेगवेगळे पार्ट जोडून बघायची सोयपण आतच आली. म्हणून १.० च्या आधीचं घेऊ नकोस आणि यूट्यूबचे जुने व्हिडिओपण बघू नकोस, मेनू वेगळे दिसतात आणि माणूस कंटाळतो.

कसं चालतं ते आईच्या मिक्सरच्या नॉबवरून सांगतो, कारण मी त्यावरच शिकलो. जुना नॉब फुटला, दुकानात मिळेना. व्हर्नियरने मापं घेतली, आधी कागदावर हाताने स्केच काढलं, दांडी ६ मिमी गोल पण एका बाजूने चपटी, चपट्या बाजूकडून ४.५. मग फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइन विभागात बॉडी, म्हणजे नवा पार्ट, त्यात स्केच, ३८ मिमीचा गोल, पॅड करून, म्हणजे वर उचलून, १८ उंची. खालून दांडीच्या आकाराचं स्केच आणि पॉकेट, म्हणजे तेवढा भाग आत कोरायचा. स्केचच्या रेघा सगळी मापं दिली की हिरव्या होतात, त्या हिरव्या झाल्याशिवाय पुढे जायचं नाही हा एक नियम पाळ, निम्म्या अडचणी तिथेच संपतात. फिलेट, म्हणजे कडा गोल करणं, सगळ्यात शेवटी. पहिला नॉब दांडीवर बसलाच नाही, कारण प्रिंटरमध्ये भोक थोडं लहानच येतं. मी मापं आतल्या स्प्रेडशीटमध्ये ठेवली होती, ६ चं ६.३ केलं, ४.५ चं ४.८, एंटर मारलं, परत एसटीएल, म्हणजे प्रिंटसाठीची फाइल, काढून प्रिंटला लावलं. बसला. आई रोज चटणी करते त्याच्यावर, मला अजून भारी वाटतं.

दोन बटणं आणि चाकाचा साधा माउस घे, टचपॅडवर मॉडेल फिरवायचा प्रयत्न करून सोडून देशील. गाडीतला मोबाइल होल्डर पीएलए या नेहमीच्या प्रिंटिंग प्लास्टिकमध्ये करू नकोस, ६० डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं आणि मे महिन्यात डॅशबोर्ड किती तापतो तुला माहीत आहे, त्याला पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक. आणि एसटीएलच्या भरवशावर फ्रीकॅडची मूळ फाइल डिलीट करू नकोस, एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण राहतात, मापं जातात.

चिमीला मात्र टिंकरकॅड लावून दे, ब्राउझरमध्ये ठोकळे जोडायचे, पाचवीच्या पोरांना तासाभरात जमतं. तिला कोडिंगची आवड लागली तर पुढे ओपनएससीकॅड दाखवू, त्यात आकार टाइप करून बनवायचे.

रविवारी फ्रीकॅड टाकून ठेव, तुझ्या त्या पडद्याच्या ब्रॅकेटची मापं कागदावर काढून फोटो पाठव. पाइपचा व्यास व्हर्नियरनेच घे, पट्टीने नको. संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावतो, पहिलं स्केच दोघं मिळून हिरवं करू.

तुझा,
बाळ्या