‘काही मेलेलं खाल्लं होतं का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कुत्रंच ते, त्याला सगळं पचतं’ असे मीही वर्षानुवर्षे म्हणत आले. एकदा फिरताना आमच्या कुत्रीने झुडपातला कुजलेला पक्षी तोंडात धरला आणि मी धावत पोहोचेपर्यंत गिळलाही. रात्री ती नेहमीसारखी जेवली, म्हणून मी ते विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे मागचे पाय लटपटू लागले. तिसऱ्या दिवशी पुढचेही गेले, मान उचलेना, आवाज बसला. आम्हाला पाहून शेपटी मात्र हलत होती. ते बघवत नव्हते. डॉक्टरांनी विचारले, ‘काही मेलेलं खाल्लं होतं का?’ तेव्हा कुठे तो पक्षी आठवला.

हा बोट्युलिझम. कुजत्या मांसातल्या जिवाणूंचे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडते. जनावर पूर्ण शुद्धीवर असते, फक्त हलता येत नाही. विष नसांवर बसल्यानंतर उतारा फारसा चालत नाही, उरते ती शुश्रूषा. दर काही तासांनी आम्ही तिची कूस बदलत होतो आणि श्वास मोजत होतो, कारण श्वासाचे स्नायू लुळे पडले की सगळे संपते. जवळजवळ तीन आठवड्यांनी ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

दुर्गंधी नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. उंदीर-घुशींना घातलेल्या काही विषांमुळे रक्त गोठत नाही. असा उंदीर खाल्लेल्या कुत्र्याला रक्तस्राव सुरू होतो तो तीन ते पाच दिवसांनी. वेळेत कळले तर व्हिटॅमिन के-१ देऊन जीव वाचतो. रानडुकराच्या कच्च्या मांसातून होणाऱ्या औजेस्की या विषाणूजन्य रोगावर मात्र इलाज नाही, लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रे दोन-तीन दिवसांतच दगावते.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती ज्यात कुत्र्याला काहीच होत नाही त्या आजाराची. मेलेल्या जनावराच्या यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिडच्या, म्हणजे पट्टकृमीच्या अळ्यांच्या, पाणीदार गाठी असतील आणि कुत्र्याने त्या खाल्ल्या, तर त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे असंख्य पट्टकृमी वाढतात. कुत्रे मजेत असते. साधारण सहा-सात आठवड्यांनी विष्ठेतून अंडी पडू लागतात आणि केसांनाही चिकटतात. त्याच्या अंगावर हात फिरवून मूल तोच हात तोंडात घालते. पुढे त्या मुलाच्या यकृतात वर्षानुवर्षे गाठ वाढत राहते, कुणाला पत्ताही नसतो. जंताची प्रत्येक गोळी यावर चालत नाही, प्राझिक्वान्टेल असलेलीच लागते. ती कधी, किती द्यायची ते डॉक्टरांना विचारावे.

कुत्र्याने मेलेले जनावर खाल्ले, तर ते ठीक दिसत असतानाच डॉक्टरांना कळवा. काय खाल्ले, केव्हा, साधारण किती, हे लिहून ठेवा; जमल्यास उरलेल्या अवशेषाचा फोटो काढा, पण त्याला उघड्या हाताने शिवू नका. आणि घरच्या घरी मीठ पाजून उलटी करवू नका, त्या मिठानेच जीव जाऊ शकतो.

आपली,
एक वाचक