पाटे-वरवंटे घडवणाऱ्या आप्पांना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवरून तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तशी त्याच्याशी बोली झाली आहे. खरं तर त्या दिवशी तुमच्यासमोरच आभार मानायचे होते. पण माझा घसा दाटून आला आणि तुम्ही चहाचं विचारून विषय बदललात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते.

मी चाळीसगाव तालुक्यात इतिहास शिकवते. पाटणे हे गाव आमच्याच तालुक्यातलं. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथं उत्खनन केलं. त्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं निघाली आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीसुद्धा. त्या कवचाचं वय सुमारे २५ हजार वर्षं निघालं. वर्गात हे सांगितलं की पोरं हमखास विचारतात, "बाई, लोखंडच नव्हतं तर बाणाला टोक कशाचं लावायचे?" फळ्यावर चित्र काढून मी वेळ मारून नेत असे. मग ठरवलं, आपल्या हातानं एक टोक घडवून त्यांच्या तळहातावर ठेवायचं.

त्यासाठी एका मोठ्या शहरात फी भरून शिबिराला गेले. शिकवणाऱ्याचे हात सफाईदार होते, पण ते सगळा वेळ कॅमेऱ्याकडं वळलेले. माझ्या दगडाचा नुसता चुरा का होतोय असं विचारलं तर उत्तर आलं, "प्रॅक्टिस करा." शेजारच्या मुलीच्या पापणीला टवका लागून रक्त आलं, तेव्हा संयोजक म्हणाले, "फॉर्मवर सही केलीय ना तुम्ही?" आणखी एका विद्वान गृहस्थांकडं गेले, तर त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही. "बाई, तुम्ही पुस्तकातलं शिकवा, दगड फोडणं तुमचं काम नाही." हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, आप्पा. शिकायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं ही साधी गोष्ट नव्हे.

मग तुम्ही भेटलात. बाजाराच्या कडेला पाट्याला टाकी देत बसला होतात. बाणाचं टोक तुम्ही आयुष्यात कधी घडवलेलं नाही आणि ते तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंत. पण गिरणेच्या पात्रातून आणलेल्या गारगोट्या मी पिशवीतून काढल्या आणि तुम्ही हसलात. काळ्या दगडात ही गार लागली की टाकीचं तोंड जातं, तिच्याशी तुमचं जन्माचं वैर. आपला खानदेशातला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यातल्या पोकळ्यांमध्ये पुढं अकीक, गार असे खडे भरत गेले. तुमच्या टाकीला नको असलेला तोच खडा जुन्या माणसाला हवा होता, कारण तो काचेसारखा फुटतो आणि त्याच्या टवक्याला धार येते.

मी हातोडा उचलला आणि तुम्ही माझा हात धरलात. स्वतःचा चष्मा काढलात. साध्या काचेचा, एका दांडीला काळा दोरा गुंडाळलेला, कपच्या उडून उडून काचा खरबरीत झालेला. धोतराच्या सोग्यानं पुसून तो तुम्ही माझ्या डोळ्यांवर ठेवलात, दोरा कानामागं नीट बसवलात. "बाई, आधी डोया सांभाया." मी म्हटलं, आणि तुम्ही? तुम्ही तोंड दुसरीकडं फिरवून बसलात आणि म्हणालात, "माले देखानी गरज नही. माले ऐकू येस."

आणि खरोखर तुम्ही ऐकून शिकवलंत. मी गारगोटीवर हलकेच ठोकायची आणि तुम्ही पाठमोरे सांगायचात. आतून तडकलेली गारगोटी बद्द वाजली की, "हाई फुटेल शे, फेका." खणखणीत वाजली की, "आते मारा." कड आधी घासून घ्यायची, नाहीतर घाव बसायच्या आत तिचाच चुरा होतो, हेही तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखलंत. फी भरून जे मिळालं नव्हतं ते मला तिथं पोत्यावर बसून मिळालं. एका घावासरशी पातळ, लांबट टवका सुटला. मी ओरडलेच. तुम्ही वळलात, तो उन्हात धरलात आणि आरपार उजेड दिसतोय हे मला दाखवलंत.

त्यानंतर मी बाटल्यांच्या बुडांवर सराव केला. अमेरिकेत इशी नावाचा आदिवासी माणूस १९११ नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत होता. तोही बाटलीच्या काचेपासून बाणाची टोकं करून लोकांना दाखवायचा. तिकडची टोकं मोठी आणि देखणी असतात. आपल्याकडची बरीचशी नखाएवढी, राळेनं काडीच्या खाचेत बसवायची. मला तीच जमायला हवी होती. आता कधीमधी जमतात.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. "तुमी पोरेसले शिकाडतस," एवढंच म्हणालात. गावोगाव अशी माणसं आहेत म्हणून आपलं चाललंय. एसटी थांबवून म्हातारीचं गाठोडं वर घेणारा कंडक्टर, अनोळखी पोराला आधी जेवायला वाढून मग नाव विचारणारी शेतावरची मावशी. आपलं ज्ञान दुसऱ्याला दिलं तर कमी होईल, ही भीती त्यांना शिवत नाही. समोरचा शिकेल की नाही ते नंतर, आधी त्याला इजा होऊ नये, एवढं त्यांना न सांगता कळतं. सही घेणाऱ्यांना ते कळलं नव्हतं.

आता एक विनंती. पोळा झाला की शाळेत या. मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. बाहेरून व्याख्यानाला येणाऱ्या पाहुण्यांना जे मानधन मिळतं तेच तुम्हाला मिळेल, पाकिटात, सगळ्यांसमोर. मुलं मैदानात वाऱ्याकडं पाठ करून बसतील, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा असेल. खाली ताडपत्री अंथरू. टवके तिथंच सांडून पुढं कुणाला जुन्या माणसाचे वाटायला नकोत. गारगोट्या मी आणते. कुठली बद्द आणि कुठली खणखणीत, ते मात्र पोरांना तुम्हीच सांगा. नातवालाही बरोबर आणा, त्या दिवशीचं त्याचं जेवण आमच्या घरी.

तुमची,
शाळेतली बाई