पायाचं काम करंगळीने

सटन, रविवार

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर सांगायला लागले तर "गिटारचं ना? मग बोलू" म्हणत तुम्ही फोन आईकडे दिलात. म्हणून लिहूनच पाठवतेय. पत्र मधेच आईकडे सरकवता येत नाही.

नववीत मी इलेक्ट्रिक गिटारसाठी हट्ट धरला होता तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "हे वाद्य गात नाही, ओरडतं." तुमची हवाइयन गिटारसुद्धा विजेवरच चालायची, हे बोलून दाखवायची तेव्हा छाती नव्हती. ती मांडीवर आडवी असायची आणि तिच्यावर गिटारवादक व्हॅन शिप्लेंच्या रेकॉर्ड ऐकून बसवलेली गाणी वाजायची, म्हणून ती सोज्वळ. खांद्याला लटकली की वाया गेलेली! तर त्या वाक्याला माझ्याकडे आता उत्तर आहे.

जेफ बेक, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा इंग्रज. १९४४ साली वॉलिंग्टनला जन्मला. माझी सकाळची गाडी वॉलिंग्टनला थांबते. साधं, दोन फलाटांचं स्टेशन. इतकी वर्षं तिथे खिडकीला डोकं टेकून पेंगत गेले आणि त्याचं वाजवणं नीट ऐकलं ते २०२३च्या जानेवारीत तो गेल्यावर. आपलं हे नेहमीचंच.

जो अल्बम पाठवतेय तो २००७च्या नोव्हेंबरात लंडनच्या सोहोतल्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबात वाजवलेला आहे. छोटी जागा, टेबलांवर मंद दिवे, लोक अगदी हाताच्या अंतरावर. चौघंच वाजवणारे. ड्रम्सवर व्हिनी कोलायुटा, कीबोर्डवर जेसन रिबेलो आणि बासवर टाल विल्केन्फेल्ड नावाची मुलगी, तेव्हा एकवीस वर्षांचीही नव्हती. गाणारं कुणी नाही. (व्हिडिओत पाहुणे येऊन गातात, पण तुम्ही आधी नुसतं ऐका.) ताडदेवच्या स्टुडिओत तुम्ही तुमच्या व्हायोलिनवाल्या मित्राबरोबर मागे उभे राहून रेकॉर्डिंग ऐकलं होतं ना? सगळा ताफा एका हॉलमध्ये, एकाचा सूर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मला लहानपणी ती गोष्ट कंटाळवाणी वाटायची. आता हे ऐकताना तीच आठवते, कारण इथेही चौघं एकमेकांकडे बघत वाजवतायत हे कानाला कळतं. बेक एक सूर लांबवतो आणि ड्रम्सवाला आपला ठोका राखून ठेवतो.

आता मुद्द्याचं. स्टीव्ही वंडरचं एक गाणं आहे, 'कॉज वुईव्ह एन्डेड अॅज लव्हर्स'. बेकने ते शब्दांशिवाय १९७५च्या अल्बममध्ये घेतलं होतं आणि इथेही वाजवलंय. त्याची सुरुवात ऐका. तार छेडल्याचा आवाजच येत नाही. सूर कुठून तरी उगवतो, फुगतो, विरतो. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं, मग व्हिडिओ लावला तेव्हा उलगडलं. नखी नाही, पिक नाही, अंगठ्याने आणि बोटांनी वाजवतो. तार छेडताना आवाज बंद ठेवतो आणि लगेच करंगळीने गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवत सूर वर आणतो. छेडण्याचा टणत्कार गिळून टाकतो.

बाबा, हे तुमचं आवाज कमी-जास्त करायचं पेडल आहे! गणपतीत चाळीच्या चौकात तुम्ही चप्पल काढून, उजवा पाय त्या पेडलवर ठेवून बसायचात. मी खाली सतरंजीवर, माझ्या डोळ्यांसमोर तो पायच असायचा. टाच टेकलेली, चवडा हळूहळू खाली दबत जाणारा. एकदा विचारलं तर म्हणालात, "आघात दिसता कामा नये." मला वाटायचं तुम्ही गाडी चालवताय. तर तुमच्या पायाचं काम हा माणूस करंगळीने करतो, आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी तारा छेडतो, शिवाय पंजाखाली ती व्हॅमीची दांडी, म्हणजे तारांचा ताण कमी-जास्त करणारी, धरून सूर हलवतो. 'व्हेअर वेअर यू' नावाच्या तुकड्यात तर तारेला नुसता स्पर्श करून निघणारे ते बारीक, काचेसारखे सूर दांडीने वर-खाली सरकवून त्यांतून अख्खी चाल बांधलीये. दांडी केसभर जास्त दाबली की सूर गेला. मी घरच्या गिटारवर करून पाहिलं. शेजारच्या आजीबाईंनी दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी केली.

'नादिया' मात्र तुम्ही आधी ऐका, बाकी नंतर. नितीन सॉनीची रचना, मुळात १९९९च्या त्याच्या अल्बममध्ये स्वाती नाटेकर यांनी गायलेली. त्या गळ्यातल्या जागा, हरकती, खाली येतानाची मुरकी, सगळं हा इंग्रज गिटारवर घेतो. हुबेहूब नाही. एकदोन ठिकाणी मुरकीला तुम्ही नाक मुरडाल, आणि बरोबरच असेल. पण श्वास कुठे घ्यायचा हे त्याला कळलंय. वाद्याला श्वास लागत नाही, तरी तो थांबतो.

'एंजल' नावाच्या तुकड्यात स्लाइड आहे, तारेवर सरकवायची नळी, म्हणजे तुमचं स्टील. पडदे संपतात त्याच्याही पुढे, थेट पिकअपच्या, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या पट्टीच्या, डोक्यावर ती तारेवर टेकवतो. तिथे खुणेला काहीच नसतं, सूर निव्वळ कानाने शोधायचा. तुमच्याकडून तिथे दाद येईल अशी माझी पैज आहे.

जोरात, दणदणीत वाजवलेलंही बरंच आहे त्यात. मला त्यातलं सगळं आवडत नाही, काही ठिकाणी नुसती मस्ती चाललीये. ते पुढे ढकला.

पेन ड्राइव्ह मावशीबरोबर पाठवतेय, ती सोळाला पोचेल. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचं नाही. कपाटावरचे मोठे स्पीकर काढा, वायर शेजारचा मुलगा जोडून देईल. आईला सांगा, गोडा मसाला संपत आलाय, मावशी परत येताना तिच्याबरोबर द्या.

आणि ते पेडल माळ्यावर आहे की दिवाळीच्या आवराआवरीत गेलं, तेवढं बघून कळवा.

तुमची,
चिमी